पोरांचा प्रश्न आणि थोरांची उत्तरे

गेल्या ऑगस्टात हिरोशिमा दिनाच्या निमित्ताने आमच्या एका स्नेह्यांच्या कन्येच्या शाळेत कागदी करकोचे करण्याचा कार्यक्रम झाला. मुलगी अकरा वर्षांची, इयत्ता सहावीतली. बाईंनी सादाको सासाकीची गोष्ट सांगितली, मुलांनी रंगीत कागदांच्या घड्या घातल्या, आणि व्हरांड्यात या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी बांधून तीवर ते पक्षी ओवण्यास आरंभ झाला. या मुलीची पाळी आली तेव्हा तिने विचारले, "बाई, असा बॉम्ब आपल्याकडेही आहे का?" तो आजचा विषय नव्हे, असे तिला सांगण्यात आले. त्यावर, उत्तर मिळाले म्हणजे मी माझा करकोचा लावीन, असे म्हणून तिने तो कंपासपेटीत ठेवून दिला. आरडाओरड नाही, रडणे नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी वडिलांना बोलावणे आले. मुलगी हुशार आहे, पण घरात काय बोलता ते जरा जपून बोला, असा सौम्य उपदेश त्यांना ऐकून घ्यावा लागला.

ही हकीकत आमच्या स्नेह्यांनी चार मंडळींत हसत हसत सांगितली. तेथे एक निवृत्त अधिकारी बसले होते. गृहस्थ बहुश्रुत, दोन वर्तमानपत्रे रोज पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारे. त्यांनी तत्काळ निकाल दिला: "हे त्या पोरीचे डोके नव्हे. कोणीतरी भरवलेले आहे. अण्वस्त्रे हा काय पोरांनी बोलायचा विषय आहे?" मंडळींनी माना डोलावल्या आणि बोलणे दुसरीकडे वळले. आम्ही त्या वेळी गप्प बसलो, याची आम्हांस आजही रुखरुख आहे. त्या दिवशी जे बोलावयाचे राहिले, ते येथे लिहीत आहोत.

कोणीतरी शिकवले, हा आक्षेप प्रथम घेऊ. शिकवले असेलही! मुलाला कोणी काही शिकवू नये असा का या गृहस्थांचा आग्रह आहे? त्याच शाळेच्या स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याचे क्षेपणास्त्र खांद्यावर घेऊन मुले रंगमंचावर संचलन करतात, तेव्हा पालक टाळ्या वाजवतात. हे पोरांचे डोके नव्हे, कोणीतरी भरवलेले आहे, असे त्या वेळी कोणी म्हणाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. म्हणजे आक्षेप शिकवण्यावर नाही. मूल आपल्या मनासारखे बोलले की ते गुणी, आणि आपल्याला अडचणीचे बोलले की ते पढवलेले, एवढाच या न्यायाचा अर्थ. टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती १९४३ साली, युद्धाच्या धामधुमीत, उपाशी ठेवून मारण्यात आले होते. युद्ध संपल्यावर तेथील मुलांनी भारताकडे एका हत्तीची मागणी केली, आणि पंडित नेहरूंनी १९४९ साली 'इंदिरा' नावाची हत्तीण धाडली. त्या मुलांच्या पत्रांमागेही मोठी माणसे असणारच. जपानी पोरांना आपल्या पंतप्रधानांचा पत्ता स्वप्नात सापडला नसेल. पण हत्ती मागणाऱ्या मुलाला कोणी पढवलेले म्हणत नाही. बॉम्ब नको म्हणणाऱ्या मुलालाच तेवढे म्हणतात.

या विषयात सर्वांत प्रसिद्ध झालेले उदाहरण अमेरिकेतील सामंथा स्मिथ या मुलीचे आहे. ते आज पुष्कळांच्या विस्मरणात गेले असल्यामुळे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. मेन संस्थानातील मँचेस्टर या लहानशा गावी ती राहत असे. १९८२ च्या नोव्हेंबरात ब्रेझनेव्ह वारले आणि युरी आंद्रोपॉव्ह सोव्हिएत पक्षाचे सरचिटणीस झाले. दोन्ही राष्ट्रांत त्या वेळी एकमेकांविषयीचा संशय शिगेला पोहोचला होता. नियतकालिकांतून रोज येणाऱ्या युद्धाच्या गोष्टी पाहून या दहा वर्षांच्या मुलीने आईला विचारले, की या नव्या पुढाऱ्याला कोणी पत्र लिहून विचारीत का नाही? आई म्हणाली, तूच का लिहीत नाहीस? 'कोणीतरी शिकवले' या आरोपाचा सामंथाच्या बाबतीत एवढाच काय तो पुरावा आहे.

मुलीने पत्र लिहिले. प्रथम नव्या कामाबद्दल अभिनंदन केले, मग आपली भीती सांगितली, आणि मग विचारले, की युद्ध करावे असे तुमचे मत आहे की नाही, आणि नसेल तर ते होऊ नये म्हणून तुम्ही काय करणार आहात. शेवटी एक प्रश्न असा टाकला की त्याचे उत्तर दिले नाही तरी चालेल, पण तुम्हाला सगळे जग, निदान आमचा देश, जिंकायचा तरी का आहे? मुत्सद्द्यांच्या परिषदांत टेबलाच्या आकारावरून आठवडेच्या आठवडे घालवणाऱ्या लोकांना हा प्रश्न अशा साध्या शब्दांत विचारण्याचे कधी सुचले नव्हते. काही महिन्यांनी 'प्रावदा'त त्या पत्राचा भाग छापून आला, पण उत्तर आले नाही. तेव्हा या मुलीने वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत राजदूताला दुसरे पत्र धाडले, की माझ्या पत्राचे उत्तर येणार आहे की नाही? पढवलेले मूल दिलेला पाठ म्हणून मोकळे होते. उत्तराचा तगादा लावीत नाही. कंपासपेटीत करकोचा ठेवणारी मुलगी आणि ही मुलगी एकाच जातीच्या, असे आम्ही समजतो.

१९८३ च्या एप्रिलात उत्तर आले. आंद्रोपॉव्ह यांनी तिच्या धीटपणाची तुलना मार्क ट्वेनच्या कादंबरीतील बेकीशी केली, महायुद्धात आपल्या देशाने काय सोसले ते सांगितले, आपले राष्ट्र अण्वस्त्र प्रथम कधीही वापरणार नाही असे वचन दिले, आणि तिला येऊन देश पाहण्याचे निमंत्रण केले. जुलैत ती आईवडिलांसह दोन आठवडे जाऊन आली. मॉस्को, लेनिनग्राड आणि क्रिमियातील आर्तेक येथील मुलांची छावणी तिने पाहिली. छावणीत तर वेगळी व्यवस्था नाकारून ती इतर मुलींबरोबर राहिली. परत आल्यावर तिने सांगितले ते इतकेच, की तेथली माणसे आपल्यासारखीच आहेत आणि त्यांनाही युद्ध नको आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानात कोबे येथे मुलांच्या परिषदेत तिने एक सूचना केली: दोन्ही महासत्तांच्या प्रमुखांनी दरवर्षी दोन आठवडे आपल्या नातींची अदलाबदल करावी, म्हणजे स्वतःची नात जेथे पाहुणी गेली आहे त्या देशावर कोणी बॉम्ब टाकणार नाही. पुढे २५ ऑगस्ट १९८५ रोजी मेन संस्थानातच झालेल्या विमान-अपघातात ती वडिलांसह मरण पावली. वय तेरा. रीगन आणि गोर्बाचेव्ह या दोघांनीही तिच्या आईला सांत्वनाचे संदेश धाडले.

आता अधिकारी गृहस्थांचे म्हणणे असे की, सोव्हिएत सरकारने या पोरीचा बाहुलीसारखा उपयोग करून घेतला. त्या वेळी अमेरिकेतही पुष्कळ लोक हेच म्हणत होते, आणि यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. उपयोग करून घेतला यात शंका नाही. ती गेली तेव्हा क्यामेरे तिच्यामागून धावत होते. ती वारली तेव्हा तिचे तिकीट काढण्यात आले. आणि ज्या मॉस्कोत या परदेशी बालिकेचे असे कोडकौतुक झाले, त्याच मॉस्कोत आदल्याच वर्षी, १९८२ साली, दोन्ही देशांत विश्वास नांदावा म्हणून सरकारला न विचारता मंडळ स्थापणाऱ्या एका तरुण चित्रकाराला मनोरुग्णांच्या इस्पितळात कोंडले होते. शांतता मागणारी परकी मुलगी पाहुणी, शांतता मागणारा स्वकीय वेडा! पण या ढोंगाचे माप सामंथाच्या पदरात कोणत्या न्यायाने घालायचे? लबाडाने खरे नाणे आपल्या थैलीत टाकले म्हणून नाणे खोटे ठरत नाही. दांभिकपणा पत्राला उत्तर देणाऱ्याचा, पत्राचा नव्हे. आणि ज्यांना या मुलीच्या रशियात जाण्याचा एवढा राग आला, त्यांनी आपल्या सरकारला तिच्या प्रश्नाचे उत्तर विचारले काय? तेही नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार समजला जातो. मुलांना यातले काही कळत नाही. अण्वस्त्रे ही वापरण्यासाठी नसून कोणी वापरू नयेत म्हणून असतात. दोघांच्याही हाती ती आहेत म्हणूनच मोठे युद्ध झाले नाही. हा गहन विचार पोरांच्या आवाक्याबाहेरचा आहे. ठीक. तर मग ज्यांच्या आवाक्यातला आहे, त्यांचा कारभार कसा चालला होता ते त्याच वर्षीचे पाहू. सामंथा घरी परतून दोन महिने झाले, आणि २६ सप्टेंबर १९८३ च्या मध्यरात्री मॉस्कोनजीकच्या एका भूमिगत ठाण्यात उपग्रहांच्या यंत्रणेने अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटल्याचा इशारा दिला. एक सुटले, मग आणखी, असे करता करता पाच. ठाण्यावर स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाचे लेफ्टनंट कर्नल कामावर होते. खरोखरीचा हल्ला केवळ पाच क्षेपणास्त्रांनी कोण करील, असा त्यांनी मनाशी विचार केला, आणि इशारा खोटा आहे असे वर कळवले. मागाहून निष्पन्न झाले ते असे, की उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेले ऊन त्या उपग्रहांना क्षेपणास्त्रांचा जाळ भासले होते. त्या रात्री जगाचे रक्षण कोणी केले? समतोलाच्या सिद्धान्ताने नव्हे. नियमाप्रमाणे न वागता शंका घेणाऱ्या एका माणसाने केले. त्या रात्रीच्या पाळीवर दुसरा कोणी बसला असता तर काय झाले असते, याचा हिशेब त्या गहन विचारात कोठे मांडलेला असतो, हे आम्हांस अधिकारी गृहस्थांनी दाखवून द्यावे.

आणि ज्या वचनावर मुलीने विश्वास ठेवला म्हणून तिला भोळी ठरवण्यात आले, त्याचे पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. सोव्हिएत संघराज्य १९९१ साली मोडले. १९९३ साली रशियाने नवे लष्करी धोरण जाहीर केले, तेव्हा प्रथम न वापरण्याचे ते अभिवचन त्यातून गळाले होते. अमेरिकेने तर तसे वचन कधी दिलेच नाही. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा जो करार १९८७ साली झाला, तो २०१९ साली संपुष्टात आला. तेव्हा भोळे कोण, हा प्रश्न वाचकांनीच सोडवावा. मूल फसले हे खरे. पण फसवले कोणी?

मुलांना हा विषय कळत नसेल, परंतु हा विषय मुलांना चांगलाच ओळखतो. अमेरिकेतील सेंट लुई शहरी १९५८ च्या अखेरीपासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्याचा एक उद्योग काही शास्त्रज्ञ आणि गृहिणी यांनी मिळून चालवला. आपल्याकडे पडलेला दात कौलावर फेकतात, नाही तर उंदराच्या बिळात टाकतात. तिकडे उशीखाली ठेवतात. तेथील मुलांनी तो पाकिटात घालून शास्त्रज्ञांकडे धाडला. बारा वर्षांत असे सुमारे तीन लाख दात जमले. मोकळ्या हवेत होणाऱ्या अणुस्फोटांतून स्ट्रॉन्शियम-९० नावाचे किरणोत्सारी द्रव्य पावसाबरोबर गवतावर, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून वाढत्या हाडांत उतरते. त्याचा कॅल्शियमशी इतका सारखेपणा आहे की शरीर त्याला ओळखूच शकत नाही. जी मुले १९५० च्या सुमारास जन्मली त्यांच्या दातांत ते अत्यल्प आढळले, आणि १९६० नंतर जन्मलेल्यांत कितीतरी पटींनी अधिक. १९६३ साली हवेतील, पाण्यातील आणि अवकाशातील चाचण्या बंद करण्याचा करार झाला, तेव्हा अमेरिकन सेनेटपुढे या दातांचा दाखला दिला गेला. सभा नाही, घोषणा नाही. ज्या मुलांना नीट लिहिताही येत नव्हते त्यांनी आपला दात पाठवून साक्ष दिली. पोरांनी बोलायचा हा विषय नव्हे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की या विषयाने पोरांच्या तोंडात आधीच शिरकाव केलेला होता.

आमच्या पूर्वजांनी ही गोष्ट फार पूर्वी पाहिली होती. अश्वत्थाम्याने सोडलेल्या अस्त्राची कथा घरोघर ठाऊक आहे. अर्जुनाला आपले अस्त्र परत घेता आले. अश्वत्थाम्याला सोडता येत होते, आवरता येत नव्हते. आवरता येईना तेव्हा त्याने ते कोठे वळवले? पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर. महाभारतकारांनी सगळे रणांगण मोकळे असताना त्या अस्त्राला हेच लक्ष्य द्यावे, यात आम्हांस योगायोग दिसत नाही.

येथवर आम्ही व्यवहारचतुरांशी भांडलो. पण खरे सांगायचे तर त्यांच्यापेक्षा दुसऱ्या एका वर्गाची आम्हांस अधिक भीती वाटते. हा वर्ग मुलांना गप्प बसवीत नाही. त्यांचे कौतुक करतो. 'किती गोड!' म्हणतो, छायाचित्र घेतो, आणि घरी जातो. सादाकोचीच गोष्ट घ्या. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. १९५५ च्या ऑक्टोबरात, बाराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने ती गेली. इस्पितळात ती कागदाचे करकोचे करीत असे, एवढा भाग सर्वांना पाठ असतो. त्यापुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. तिचे वर्गसोबती रडून थांबले नाहीत. बॉम्बने मेलेल्या सर्व मुलांसाठी स्मारक व्हावे म्हणून त्यांनी चळवळ केली, देशभरच्या शाळांतून वर्गणी जमवली, आणि ५ मे १९५८ रोजी हिरोशिमाच्या शांतता-उद्यानात ते स्मारक उभे राहिले. कागदी पक्षी हे त्यांच्या मागणीचे चिन्ह होते, शोभेची वस्तू नव्हती. आज त्या उद्यानात दरवर्षी सुमारे एक कोटी करकोचे येतात. परंतु अण्वस्त्रे समूळ बेकायदा ठरवणारा जो आंतरराष्ट्रीय करार २०१७ साली १२२ राष्ट्रांच्या मतांनी संमत झाला आणि २०२१ च्या जानेवारीत अमलात आला, त्यावर खुद्द जपानने सही केलेली नाही. अमेरिकेच्या अस्त्रांची छत्री त्याला सोडवत नाही. कोटी पक्षी घ्यायचे, सही मात्र द्यायची नाही! आमच्या स्नेह्यांच्या कन्येच्या शाळेत याहून निराळे काय झाले? घड्या घाला, दोरीला लावा, विचारू नका.

हिरोशिमा जपानात आहे म्हणून तिच्याविषयी हळहळणे सोपे जाते. पण मुलीचा प्रश्न जपानविषयी नव्हताच. तो 'आपल्याकडे' या शब्दाविषयी होता, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी महाराष्ट्रीय माणसाला फार लांब जावे लागत नाही. १९७४ साली पोखरणला जो पहिला स्फोट झाला, त्यातले प्लुटोनियम आपल्या मुंबईच्या कुशीत, तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार झाले होते. याच देशाने १९५४ साली, बिकिनी बेटावरील प्रचंड स्फोटानंतर महिन्याभरात, नेहरूंच्या तोंडून जगाला चाचण्या थांबवण्याची पहिली सूचना केली होती. १९८८ साली राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे संपूर्ण अण्वस्त्र-निर्मूलनाचा कालबद्ध आराखडा ठेवला. दहा वर्षांनी, मे १९९८ त, आपण पाच स्फोट केले आणि त्याच महिन्यात पाकिस्तानने आपले केले. प्रथम वापर करणार नाही हे धोरण आपण २००३ च्या जानेवारीत अधिकृतपणे जाहीर केले; आणि २०१९ च्या ऑगस्टात पोखरणलाच संरक्षणमंत्री म्हणाले, की आजवर हे धोरण कसोशीने पाळले आहे, पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून राहील. वर सांगितलेल्या २०१७ च्या करारावर आपलीही सही नाही.

शेजारी दोन अण्वस्त्रधारी राष्ट्रे असताना आपण एकट्याने अस्त्रे समुद्रात बुडवावीत, असे त्या मुलीने म्हटलेले नाही आणि आम्हीही म्हणत नाही. एखादा पिता आपल्या मुलीला असे सांगू शकेल, की होय, आपल्याकडे आहेत. ती या कारणास्तव आहेत. त्या कारणात मला स्वतःला अमुक एक भाग पटतो आणि अमुक एक पटत नाही. हे उत्तर आहे. त्याशी तिला वाद घालता येईल. पण 'हा आजचा विषय नव्हे' हे उत्तर नव्हे. वाजश्रवसाने यज्ञात दूध आटलेल्या, म्हाताऱ्या गाई दान म्हणून काढल्या, तेव्हा नचिकेत्याने विचारले, मला कोणाला देणार? एकदा विचारले, दोनदा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा बाप संतापून म्हणाला, तुला मृत्यूला देतो. आपल्या दानातले व्यंग पोराने पाहिले म्हणून आलेला तो संताप होता. हे आख्यान आम्ही मोठ्या भक्तीने वाचतो, आणि नचिकेत्याच्या बाजूनेच वाचतो. आपल्या घरात मात्र वाजश्रवसाची भूमिका आम्हांस कशी चटकन् साधते!

ही हकीकत लिहीत असताना आम्ही मुद्दाम स्नेह्यांकडे जाऊन आलो. दोरीवरचे करकोचे पंधरवड्यातच पावसाच्या झडीने भिजून उतरवले गेले होते. कंपासपेटीतला तेवढा कोरडा होता. मुलीने मध्यंतरी पंतप्रधानांना एक पोस्टकार्ड लिहून वडिलांच्या हवाली केले आहे. त्यात तोच प्रश्न आहे, आणि त्याखाली, उत्तर मराठीत दिले तरी चालेल, असे लिहिले आहे. आमच्या स्नेह्यांनी ते आम्हांस वाचून दाखवले, पुन्हा एकदा हसले, आणि टेबलाच्या खणात ठेवून दिले. टाकणार की नाही, असे आम्ही विचारले. बघू, म्हणाले. मुलगी दारात उभी होती.